हिंडणारी

बस सिग्नलला थांबली होती आणि त्याच्या मांडीवर छापखान्यात पोचवायच्या मुद्रितांचं पुडकं होतं. समोरच्या फुटपाथवरून एक बाई चालली होती. चालता चालता तिने हात मागे नेला, मानेवरचे केस मुठीत धरून वर उचलले, जरा वारा घेतला आणि केस सोडून दिले. तेव्हा त्याला कळलं, ही आपली बायको आहे. त्याआधी काही क्षण तो तिच्याकडे परक्या बाईकडे पाहावं तसा पाहत होता, आणि बाई बरी आहे असंही त्याच्या मनात येऊन गेलं होतं. ऐन दुपार होती. हा भाग घरापासून लांब, इथे ना कुणी नातलग, ना डॉक्टर, ना शिंपी. तिच्या हातात पिशवी नव्हती. पिशवीशिवाय बाहेर पडलेली बायको त्याने कधी पाहिलीच नव्हती; भाजीची, औषधांची, मुलगी लहान असताना तिच्या कपड्यांची, कुठली ना कुठली पिशवी त्या हाताला कायम लटकलेली असायची. आता ते हात नुसतेच होते, शरीराच्या दोन्ही बाजूंना मजेत हलत होते. ती एका घड्याळजीच्या दुकानापाशी थांबली, आत डोकावली, पुढे निघाली. चौकात आल्यावर तिने उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं. तिला कुठे जायचं होतं असं वाटलं नाही. कपाट उघडून आज काय घालावं म्हणून पाहावं, तशी ती रस्त्यांकडे पाहत होती. मग एका गल्लीत वळली. बस सुटली. उतरावं असं त्याला वाटलं खरं, पण पुडकं छापखान्यात वेळेवर पोचायला हवं होतं, आणि उतरून तिला काय विचारायचं तेही सुचत नव्हतं.

संध्याकाळी तो घरी गेला तेव्हा ती भाजी निवडत बसली होती. त्याने बूट काढले, पाणी प्यायला, आणि आवाज शक्य तितका सहज ठेवून विचारलं, “आज काय केलंस दिवसभर?”

“काय करणार? नेहमीचंच,” ती म्हणाली. तिने मान वर केली नाही, पण खालीही घातली नाही. जशी होती तशीच राहिली. हे ‘नेहमीचंच’ तिने अगदी सरळ म्हटलं. थाप मारताना माणूस अडखळतो. ती अडखळली नव्हती. म्हणजे एकतर तिला थापांची सवय झाली होती, नाहीतर ती खरंच बोलत होती आणि दुपारची ती गल्ली हेच तिचं नेहमीचं होतं. दोन्हींतलं वाईट कोणतं हे त्याला ठरवता येईना. ती उठून आत गेली तेव्हा त्याने तिच्या पावलांकडे पाहिलं. चपलेच्या पट्ट्यांखालची कातडी गोरी होती आणि बाकीचं पाऊल उन्हाने रापलेलं. पट्ट्यांची नक्षी पावलावर स्पष्ट उमटली होती. एका दुपारचं हे काम नव्हे. किती महिने लागले असतील? आणि तेवढे महिने ही पावलं याच घरात, याच फरशीवरून वावरत होती.

तो शब्दांचा माणूस होता. इंग्रजी-मराठी पर्यायकोशाच्या कार्यालयात त्याने केस पांढरे केले होते. हा कोश मुळाक्षरांनी लावलेला नव्हता, अर्थांनी लावलेला होता. रागाचे सगळे शब्द एका ठिकाणी, भुकेचे एका ठिकाणी. आणि योग असा की त्या महिन्यात त्याच्या टेबलावर हिंडण्याफिरण्याचा गट आला होता. वाँडर, रोम, रोव्ह, रॅम्बल, स्ट्रे, सॉन्टर. मग माणसं : व्हॅगबॉण्ड, नोमॅड, ड्रिफ्टर, ट्रॅम्प. प्रत्येकाचं कार्ड, प्रत्येक कार्डावर मराठी प्रतिशब्द, छटा, वापराचं वाक्य. बसमधल्या त्या दुपारपर्यंत हे काम त्याला भारी आवडलं होतं. रोम म्हणजे मोठ्या मुलखात हिंडणं, रॅम्बलमध्ये वाटेची मजा, सॉन्टर म्हणजे घाई नसल्याचा दिमाख, स्ट्रे म्हणजे वाट सोडून बहकणं. एरर म्हणजे चूक, पण त्याचं मूळही भटकण्यातच, हे त्याने साहेबांना मुद्दाम केबिनमध्ये जाऊन सांगितलं होतं, आणि साहेबांनी मान डोलावून फोन उचलला होता. खुर्चीतून न उठता आपण केवढं हिंडतो, असं त्याला वाटायचं. आता तेच कार्ड हातात घेतलं की घड्याळजीच्या दुकानाशी थांबलेली पाठ दिसायची. कुठल्या क्रियापदाने ती चालली होती? वाँडर की सॉन्टर? की स्ट्रे?

समोरच्या टेबलावर त्याच्या सहसंपादक बसायच्या. कुठल्याही शब्दावर त्यांची हरकत ठरलेली, म्हणून सगळं कार्यालय त्यांना हरकतबाई म्हणायचं. त्यांना ते ठाऊक होतं आणि त्यावर मात्र त्यांची हरकत नव्हती. त्यांनी त्याची कार्डं तपासून परत आणली.

“भटक्या, मुशाफिर, फिरस्ता, कलंदर,” त्यांनी चष्मा नाकावर घेत वाचलं. “झकास. पण हे सगळे पुरुष. बाईचं काय?”

“भटकी लिहा.”

“भटकी म्हटलं की आपल्याकडे पुढे कुत्री येते. कलंदरचं बाईमाणूस काय होतं सांगा.”

तो विचार करू लागला. उंडगी होतं. हिंडफिरी होतं. भटकभवानी होतं. एकही शब्द असा नव्हता की जो चांगल्या घरात आवाज न चढवता उच्चारावा.

“इंग्रजी तरी कुठे शहाणी आहे,” हरकतबाई म्हणाल्या. “ट्रॅम्प पुरुष असला तर रस्त्यावरचा गरीब बिचारा. बाई असली की चवचाल. आणि हा बघा, स्ट्रीटवॉकर. शब्दाने काय सांगितलं? रस्त्यावरून चालणारी. एवढंच ना? आणि अर्थ? वेश्या.” त्यांनी कार्ड त्याच्या टेबलावर ठेवलं आणि जाऊन चहा ओतून घेतला. त्या विनोदानेच बोलल्या होत्या. पण तो दिवसभर त्या कार्डाला हात लावू शकला नाही. रस्त्यावरून चालणारी. केस उचलून वारा घेणारी. मनात नको नको ते येत होतं आणि प्रत्येक वेळी स्वतःची लाज वाटत होती, आणि लाज वाटली म्हणून ते यायचं थांबत नव्हतं.

मग त्याने मनातल्या मनात एक माणूस तयार केला. तसं करावं लागलंच. बायको दुपारची दूरच्या भागात हिंडते याला काहीतरी कारण हवं, आणि कारणाला तोंड हवं. तो माणूस उंच होता. लांब टांगांचा, सैल कपड्यांतला, काही कामधंदा नसलेला पण पैशाला कमी नसलेला. त्याच्या डोक्यावर कधी टोपी असायची, कधी नसायची. तो फार बोलायचा नाही. मुख्य म्हणजे तो तिला ‘कुठे?’ असं कधीच विचारायचा नाही. हे सुचलं तेव्हा तो स्वतः बसच्या रांगेत उभा होता, आणि रांग पुढे सरकली तरी तिथेच उभा राहिला. कारण लग्नानंतरच्या पहिल्या वर्षांत ती म्हणायची, “चला ना, जरा फिरून येऊ.” तो विचारायचा, “कुठे?” ती म्हणायची, “असंच.” आणि तो हसून म्हणायचा, “असंच म्हणजे कुठे?” त्याला खरंच माहिती हवी असायची. जायचं ठिकाण कळलं की बस कुठली, परत कधी, बूट कुठले, हे ठरवता येतं. ती जरा वेळ उंबऱ्यात उभी राहायची, मग आत जाऊन आमटी गरम करायला ठेवायची. ती हे म्हणायची कधी थांबली ते त्याला आठवत नव्हतं. भांडण झालं असतं तर आठवलं असतं.

एका दुपारी त्याने अर्ध्या दिवसाची रजा टाकली. हरकतबाईंना दाताचं कारण सांगितलं. त्यांनी दाढ कुठली विचारली आणि त्याने चुकून एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे बोट दाखवलं. घरासमोरच्या औषधांच्या दुकानात तो खोकल्याच्या बाटल्यांवरची अक्षरं वाचत उभा राहिला. ती खाली आली, तशीच, मोकळ्या हातांनी. फाटकाबाहेर पाऊल टाकलं आणि तिची चाल बदलली. घरात ती पावलं उचलायची. इथे पावलं तिला नेत होती. तो अंतर राखून मागे निघाला. ती लोखंडी सामानाच्या बाजारातून गेली, जिथे दुकानदार साखळ्या तराजूत टाकत होते. मग लाकडाची वखार आली. तिच्या दाराशी थांबून तिने ताज्या भुशाचा वास छातीभर घेतला. बेकरीची मागची बाजू, शाळेच्या कुंपणाची भिंत, आतून सुट्टीतल्या मुलींचा कल्ला. भिंतीवरून ती बोटं फिरवत चालली होती. हे ती करते? हे तर लहान मुलं करतात. वळणावर एक किल्लीवाला बसला होता, कानशीने किल्ली घासत. ती त्याच्यापाशी थांबली, काहीतरी म्हणाली, आणि दोघं हसली. ते हसू त्याच्या ओळखीचं होतं, पण घरात ते दिसून बरीच वर्षं झाली होती. म्हणजे ते संपलं नव्हतं तर. तिने ते इकडे आणून ठेवलं होतं. किल्लीवाल्याला दात कमी आणि कानांवर केस. त्याच्याविषयी काही संशय घ्यावा असं नव्हतं, आणि तरी त्याच्या हातातल्या त्या किल्लीचासुद्धा त्याला हेवा वाटला.

पुढे मालधक्क्यापाशी तो आला. उंच माणूस. खरोखरच उंच, सैल सदरा, लांब टांगा. रस्ता ओलांडून सरळ तिच्याकडे गेला. नवरा उभ्या ट्रकच्या आड झाला. खरं सांगायचं तर त्याला जरा बरं वाटलं. अखेर होता तर. उंच माणूस वाकून काही विचारत होता. तिने हात लांब केला. आधी सरळ, मग डावीकडे, मग बोटांनी पुलाची कमान काढून दाखवली, तिच्याखालून जायचं असं काहीतरी. उंच माणसाने मान हलवली आणि तिने दाखवलेल्या दिशेने निघून गेला. पत्ता विचारत होता. या बाईला. जी घरी अजून विचारते, बाजारात जायला कोणती बस सोयीची, आणि तो तिला बसचा नंबर सांगतो. विचारते, की विचारत असे? हल्ली कधी विचारलं होतं?

ती पुलाच्या पायऱ्यांवर बसली. खालून मालगाडीचे डबे ढकलले जात होते. ती नुसती बसून होती. कुणाची वाट पाहणारा माणूस असा बसत नाही, त्याची मान सारखी वळते. त्याची स्वतःची टाच नव्या बुटाने सोलवटली होती. तो परत फिरला, दोनदा चुकला, एका पानवाल्याला वाट विचारून बसथांब्यावर आला. माणूस नव्हता. कुणी नव्हतंच. कुणी असता तर त्याचा द्वेष करता आला असता, तिला जाब विचारता आला असता, रडारड झाली असती, आणि एखाद्या वर्षाने मन मोठं करून क्षमासुद्धा करता आली असती. तेवढी तयारी त्याने मनाशी केली होती. पण भुशाच्या वासाचा द्वेष कसा करायचा? भिंतीचा? बसमध्ये बसल्यावरही मत्सराची ती आग कमी होईना, उलट तिला आता सगळं शहर जाळायला मोकळं झालं होतं.

रविवारी सकाळी ती चपला घालत होती. तो पेपर वाचत होता, म्हणजे पेपर धरून बसला होता. चेष्टेने काहीतरी म्हणावं, तिने हसून उत्तर द्यावं, आणि या सगळ्यातून वाट निघावी असं त्याने रात्रीच ठरवून ठेवलं होतं. तो म्हणाला, “काय, कुठे निघाली आमची भटकभवानी?”

शब्द चेष्टेचा होता. पण तोंडातून निघताना तो वाटेत कुठेतरी आंबला. दोघांनाही ते ऐकू आलं.

ती चपलेचा पट्टा तसाच सोडून खुर्चीवर बसली. “हा तुमच्या कोशातला का?”

“नाही. आई म्हणायची. आत्याला.”

“आत्या तर देवदर्शनालासुद्धा सांगून जायच्या, तरी भटकभवानी,” ती म्हणाली. मग जरा थांबून, “गेल्या आठवड्यात दुपारी तुमच्या दाताचं काय झालं?”

त्याने पेपर खाली ठेवला. “तुला कुणी सांगितलं?”

“तुमच्या हरकतबाईंचा फोन आला होता. दाढ काढली का, आता बरं आहे का, म्हणून विचारत होत्या. मी म्हटलं, बरं आहे. पण तुम्ही मला आधीच दिसला होतात. लोखंडबाजारात, एका दुकानाच्या काचेत. मागे मागे येत होतात.”

“मग बोलली का नाहीस?”

“काय बोलणार? मला वाटलं, तुम्ही हाक माराल.” ती स्वतःच्या हातांकडे पाहत होती. “खरं सांगू, मी एरवी एकाच दुपारी एवढ्या सगळ्या बाजूंना जात नाही. त्या दिवशी मुद्दाम गेले. म्हटलं, वखार दाखवू, शाळेची भिंत दाखवू. सावकाश चालले. पुलावर तर किती वेळ बसले. वाटलं, आता येतील, शेजारी बसतील. मागे वळून बघितलं तर तुम्ही नव्हतात.”

बाहेर कुणीतरी गाडी सुरू करायचा प्रयत्न करत होतं. ती सुरू होत नव्हती. त्याने काही बोलायला हवं होतं, आणि डोक्यात नुसती टाच दुखत होती, ती टाच जी त्या दिवशी सोलवटली होती आणि जिला तिनेच संध्याकाळी काही न विचारता मलम दिलं होतं.

“कधीपासून?” त्याने शेवटी विचारलं.

“मुलीला गाडीत बसवून आले ना, ती नोकरीवर गेली तेव्हा. तुम्हाला बैठक होती. येताना मी चुकीच्या थांब्यावर उतरले. रडायला येत होतं म्हणून बसमधून उतरले, खरं म्हणजे. मग चालत सुटले. कुठे आहे काही कळेना. आणि बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की भीतीच वाटली.” ती उठली, पट्टा लावला.

“थांब,” तो म्हणाला. “मी येतो. आज येतो.”

“आज नको.” ती रागाने म्हणाली नाही. पाहुण्याला अजून थोडं वाढू का विचारल्यावर तो जसं नको म्हणतो, तसं म्हणाली, आणि गेली.

तो रविवार त्याने कसा काढला ते त्यालाच ठाऊक. पुढच्या आठवड्यात त्याने जेवणाच्या सुट्टीत एकट्यानेच हिंडून पाहिलं. कार्यालयामागची पहिली गल्ली, दुसरी गल्ली. तिसऱ्या गल्लीत आपण दुकानांच्या पाट्यांवरच्या ऱ्हस्वदीर्घाच्या चुका काढत चाललो आहोत हे त्याच्या लक्षात आलं. एका ठिकाणी तर आत जाऊन सांगितलंही. गल्ल्यावर बसलेल्या दुकानदाराने त्याला काहीतरी विकायला आलेला समजून हात जोडले. तो टेबलावर परतला तेव्हा हरकतबाई स्ट्रीटवॉकरचं कार्ड घेऊन उभ्या होत्या. साहेबांनी गट मागितला होता. त्याने कार्डावर ठरलेला अर्थ लिहिला. कोशात दुसरं लिहिता येत नाही. व्हॅगबॉण्डच्या कार्डावर मात्र तो बराच वेळ अडला आणि शेवटी ‘हिंडणारा, हिंडणारी’ असे दोन साधे शब्द लिहिले. हरकतबाईंनी वाचलं. त्यांची काही हरकत दिसली नाही, किंवा असली तरी त्यांनी ती घेतली नाही.

त्यानंतर तो विचारायचा थांबला. ती दुपारी जाते की नाही, कुठे जाते, काही नाही. विचारणं थांबलं, जळणं थांबलं नाही. ती अंघोळ करून आली की केसांतून साबणाचा वास यायचा आणि तो त्याखाली भुसा शोधायचा. जेवताना ती मध्येच गप्प व्हायची आणि तोंडावर हलकंसं काहीतरी उमटायचं. ती मनाने तिथे गेली आहे हे त्याला कळायचं, आणि आपण इथे पाण्याचा पेला धरून बसलो आहोत हेही. एके दिवशी सुट्टी होती, आभाळ भरलेलं होतं, ऊन नव्हतं. ती दाराशी गेली आणि वळून म्हणाली, “चला.”

‘कुठे?’ त्याच्या ओठांवर आलं होतं. त्याने दात घट्ट मिटले आणि जुने बूट चढवले.

“पाय दुखले तर सांगायचं नाही,” ती म्हणाली.

“नाही सांगत.”

सुरुवातीला तो तिच्या बरोबरीने चालायचा प्रयत्न करत होता, पण तिचा वेग कधी वाढायचा, कधी ती एकदम थांबायची, आणि तो पुढे जाऊन परत यायचा. मग त्याने अर्धं पाऊल मागे राहायचं ठरवलं; ते जमलं. ती फारसं बोलत नव्हती. मध्येच म्हणायची, “हा बघा,” आणि तो पाहायचा : एका भिंतीतून उगवलेलं झाड, दोन इमारतींमधली हाताएवढी फट. त्याला त्यांत काय पाहायचं ते नेमकं कळत नव्हतं, पण ती पाहत होती ते तो पाहत होता. फुलवाल्या बाईने तिला लांबून हात केला. एका पहारेकऱ्याने खुर्चीतूनच सलाम ठोकला आणि म्हणाला, “काल दिसला नाहीत.” काल ती नव्हती हे त्या माणसाला माहीत होतं. नवऱ्याला नव्हतं.

वळणावर किल्लीवाला होता. त्याने कानस थांबवली, नवऱ्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि तिला विचारलं, “आज बरोबर कोण?”

तिने क्षणभर विचार केला. “पाहुणे आहेत,” ती म्हणाली. “आपला भाग दाखवतेय.”

“मग सगळं दाखवा.”

“सगळं कशाला?” ती हसून म्हणाली. तेच हसू.

तोही हसला, पाहुण्याने हसावं तसा. ते पुढे निघाले. शाळेची भिंत संपल्यावर डाव्या हाताला एक गल्ली लागली. ती त्या गल्लीच्या तोंडाशी जराशी अडखळली, इतकी थोडी की दुसऱ्या कुणाला कळलं नसतं, आणि न वळता सरळ पुढे गेली. चालही जरा वाढली. त्याने मान वळवून आत पाहिलं. वाळत घातलेले कपडे, भिंतीला टेकवलेली सायकल, कुणाच्या तरी घरातून येणारा शिलाई मशीनचा आवाज. थोडं पुढे जाऊन गल्ली वळत होती आणि वळणापलीकडचं काही दिसत नव्हतं. उद्या दुपारी रजा टाकून एकट्याला येता येईल, असं त्याच्या मनात आलं. वाट आता त्याला माहीत होती. ती पुढे जाऊन थांबली होती आणि त्याच्याकडे पाहत होती. तो कशाकडे पाहतो आहे ते तिला दिसत होतं. तिने काही विचारलं नाही. तो गल्लीच्या तोंडाशी आणखी जरा उभा राहिला, मग तिच्याकडे चालू लागला.